तोडा, रंजक आणि परवाना

जुलै 1660 मधली ती रात्र मराठी वाचकाला पाठ आहे. सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा, मुसळधार पाऊस, पन्हाळ्यावरून निसटलेले शिवाजी महाराज आणि विशाळगडाची वाट. या कथेतला पाऊस आपण बहुधा प्रसंगाला रंग यावा म्हणून सांगतो. त्या काळच्या बंदुकीच्या अंगाने पाहिले, तर मात्र त्याचे वजन एकदम वाढते. वेढ्यातल्या प्याद्यांजवळ तोडेदार बंदुका होत्या. अशा बंदुकीचा बार काढायचा तर पेटता तोडा, म्हणजे धुमसती दोरी हवी, नळीत आग नेणाऱ्या छिद्राजवळच्या, म्हणजे कानाजवळच्या प्याल्यात कोरडी रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू हवी आणि नळीत कोरडी दारू हवी. आषाढात पन्हाळ्यावर यातले काय कोरडे राहणार? भर पावसात ही बंदूक म्हणजे जवळजवळ नुसती काठीच.

त्याच वेढ्यात राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रजही उखळी तोफ घेऊन आला होता आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. त्याची किंमत इंग्रजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटली गेली तेव्हा मोजली. पन्हाळ्याच्या इतिहासात तोफांना अशी स्वतंत्र पाने मिळतात. खांद्यावरच्या ठासणीच्या बंदुकीला ती फारशी मिळाली नाहीत. ती शेकडोंनी होती, कुणा एकीला नाव नव्हते, आणि तिचा मागोवा लढायांच्या वर्णनांत कमी, कोठारांच्या नियमांत आणि सरकारी हुकमांत जास्त लागतो.

या बंदुकीचे एक मोठे माहेर कोल्हापूरपासून फार दूर नाही. पोर्तुगीजांच्या आफोंसो द आल्बुकर्कने 1510 मध्ये आदिलशाहीकडून गोवे घेतले, तेव्हा तिथले बंदूक बनवणारे कारागीरही त्याच्या हाती आले. 1513 मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवले, की गोव्याचे कारागीर बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात. नमुन्यादाखल त्याने कारागीरही पाठवला. बोहेमिया म्हणजे त्या वेळी युरोपातले बंदुकांचे नामांकित ठिकाण. त्याच्या नजरेत विशेष भरली ती एक गोष्ट: गोव्याच्या नळीचे मागचे तोंड आट्यांच्या बुचाने बंद केलेले होते.

हे बूच क्षुल्लक वाटेल, पण तिथेच सगळी मेख आहे. बार उडतो तेव्हा सगळा दाब नळीच्या मागच्या टोकावर येतो. तिथले बूच सैल असेल तर ते उडून नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येणार. ते ठोकून कायमचे बसवले, तर आतली काजळी नीट काढता येत नाही आणि नळी आतून गंजत जाते. आट्यांचे बूच घट्टही बसते आणि गरज पडली तर उघडताही येते. 1543 मध्ये पोर्तुगीज खलाशांबरोबर अशा घडणीच्या बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचल्या. तिथल्या लोहाराने नळी तर हुबेहूब उतरवली, पण आट्यांचे बूच काही त्याला जमेना, आणि ते शिकायला पुढच्या वर्षी येणाऱ्या पोर्तुगीज कारागिराची वाट पाहावी लागली, अशी तिथली परंपरा सांगते. गोव्याच्या भट्टीतली युक्ती अशी पार पूर्व समुद्राच्या टोकाला गेली. गोव्याहून घाट चढून पन्हाळ्याच्या मुलखात यायला तर फार तर आठवडाभराची वाट.

ही बंदूक घडवणे एका हाताचे काम नव्हते. लोहाराने लोखंडाच्या पट्ट्या लाल करून एका सळईभोवती मळसूत्री गुंडाळायच्या आणि घणाखाली एकजीव करायच्या. चांगल्या नळीवर या पट्ट्यांचे वळसे घासल्यावर पाण्याच्या तरंगांसारखे उमटत. मग आतून नळी सरळ आणि गुळगुळीत करायची. हे काम सर्वांत वेळखाऊ. नळी डोळ्यासमोर उजेडाकडे धरून आत पडणारी सावली सरळ दिसते का, हे कारागीर पुन्हा पुन्हा पाहत असे. बाहेरून उजळायला कुरुंद आणि लाख यांची चाके असत. तलवारींना पाणी आणि धार देणाऱ्या शिकलगारांचे ते नेहमीचे साधन. कोल्हापूर-सांगलीकडे शिकलगार हे आडनाव आजही सर्रास आढळते. सुताराने शिसवीसारख्या चिवट लाकडाचा दस्ता करायचा. चर्मकाराने दारूची पिशवी, गोळ्यांची थैली आणि पट्टा शिवायचा.

हिंदुस्थानी घडणीची एक खूण म्हणजे नळी दस्त्याला खिळ्यांनी ठोकत नसत. ती चामड्याच्या वाद्यांनी किंवा पितळ-चांदीच्या पट्ट्यांनी बांधत. ओल्या कातड्याची वादी वाळली की आवळते आणि नळी जागची हलत नाही. नळी बदलायची झाली तर वादी कापली की झाले. तोडा धरणारी चिमटी आणि चाप यांची जोडणी दस्त्याच्या पोटातच, दोन लोखंडी पत्र्यांच्या मध्ये दडवलेली असे. बाहेर दिसायला फक्त चाप, प्याल्यावरचे सरकते झाकण आणि साखळीला लोंबणारी, कान साफ करायची सुई. नळीच्या टोकाला माशी आणि मागे नेम जुळवायची खाच किंवा बारीक छिद्र.

नळी लांब आणि आतून अरुंद, हेही दक्षिणेकडच्या बंदुकीचे वैशिष्ट्य. सबंध बंदूक दीड-पावणेदोन मीटरची, म्हणजे माणसाच्या उंचीची, आणि गोळी साधारण 15 मिलिमीटरच्या आसपास. त्यामागे चोख हिशेब होता. शिसे बहुतेक समुद्रावरून येई आणि महाग पडे. एका पौंड शिशातून जितक्या गोळ्या निघतील तितक्या ‘बोअर’ची बंदूक, हे इंग्रजी माप त्याच हिशेबावर आधारलेले आहे. 12 बोअरच्या बंदुकीला पौंडातून 12 गोळ्या मिळतात, 32 बोअरच्या बंदुकीला 32. अरुंद नळीला शिसेही कमी लागते आणि दारूही. हाताने कुटलेली गावठी दारू सावकाश जळते. नळी लांब असली की तिला गोळी ढकलायला पुरेसा अवकाश मिळतो आणि कमी दारूत गोळी दूर जाते.

आता ही बंदूक भरणारा माणूस डोळ्यांसमोर आणायचा. आधी पेटता तोडा बाजूला काढायचा, कारण पुढचे सगळे काम उघड्या दारूचे. शिंगातून मापाने दारू नळीत ओतायची. वरून गोळी सोडायची. तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा घालायचा आणि गजाने ठासायचे. ठासणे कमी पडले तर बार फुसका जातो. मग प्याल्यात बारीक रंजक टाकून झाकण सरकवायचे. तोड्याची राख फुंकून निखारा लाल करायचा, तो चिमटीत अडकवायचा, झाकण उघडायचे, नेम धरायचा, चाप ओढायचा. प्याल्यातली रंजक फुस्सकन भडकते, कानातून आग आत जाते आणि पळभराने बार होतो. तेवढा वेळ नेम हलू न देणे हीच खरी नेमबाजी. निष्णात माणसाला एका बारासाठी अर्धे मिनिट तरी लागे. घाईगर्दीत त्याहून बराच जास्त.

अशा नेमबाजीसाठी दोन नावे या भागात गाजली. कोकणातले हेटकरी प्यादे नेम धरण्यात पटाईत मानले जात. 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही त्यांची दखल घेतली. दुसरे बेरड. 1705 मध्ये औरंगजेबाने आपल्या आयुष्यातला शेवटचा मोठा वेढा घातला तो बेरडांच्या वाकिनखेड्याला. तिथे बेरड बंदूकधाऱ्यांनी मोगली फौजेला जेरीस आणले. मराठ्यांची कुमक त्यांना येऊन मिळाली होती. पुढे गड मोगलांना मिळाला, पण रिकामा.

मात्र नेमबाज कितीही तरबेज असला तरी दारू सर्दली की त्याचे हात बांधले गेले. हे सर्वांत नेमकेपणाने मांडले गेले ते कोल्हापूरकरांच्याच दरबारात. बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांचे ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले, कोल्हापूर गादीचे संभाजी महाराज यांच्या काळातले. त्यात गडांचे प्रकरण मोठे आहे. दारूचे कोठार वस्तीजवळ नसावे, असे ते बजावते. तळ पक्का करून त्यावर माच घालावा, दारूची मडकी त्या माचावर ठेवावीत, ओल लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढावेत, ऊन दाखवावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत.

ज्या अमात्यांची जहागीर गगनबावड्याकडे होती त्यांनी हे लिहावे यात नवल नाही. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खंडेनवमीला हत्यारे पुसून पुजायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, या क्रमालाही बंदुकीच्या युगात व्यवहाराची जोड मिळाली. चार महिने सर्दीत राहिलेली नळी उघडून, तेल देऊन, दारू वाळवून पाहिल्याशिवाय मोहिमेला निघण्यात अर्थ नव्हता.

आज्ञापत्रातली दुसरी बाब आहे मोहोर. दारू शिपायाच्या हाती असली तरी तिच्यावर सरकारचा ठसा. बंदुकीची ही दुहेरी मालकी पुढच्या दोन शतकांत कधीच सुटली नाही, बदलली ती फक्त मोहोर.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चकमकीच्या चापाची बंदूक आली. तोडा गेला, त्याच्या जागी गारगोटी आली. कवायती पलटणींना एकसारख्या हजारो बंदुका लागू लागल्या आणि कारखान्यांचे दिवस आले. महादजी शिंद्यांसाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतत असे आणि बंदुकाही करीत असे. एका बंदुकीला खर्च येई दहा रुपये. तिकडे बिहारात मीर कासीमने 1762 च्या सुमारास मुंगेरला राजधानी हलवून शस्त्रांचे कारखाने उभे केले. तिथला बंदूक बनवण्याचा धंदा आजपर्यंत टिकून आहे. कोल्हापूरसारख्या राज्याला असा कारखाना परवडण्याजोगा नव्हता. 1812 च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले आणि राज्याचा समुद्रही सुटला. गडांवर मात्र गडकऱ्यांच्या जुन्या बंदुका तशाच राहिल्या. गडकरी म्हणजे वंशपरंपरेने गडाची राखण करणारे आणि त्याबद्दल जमिनी खाणारे लोक. बंदूक ही त्यांच्या वतनाचाच भाग होती.

1844 मध्ये दाजी पंडित या कारभाऱ्याच्या अमलात या जमिनींच्या व्यवस्थेत हात घातला गेला आणि गडकरी उठले. आधी सामानगड आणि भुदरगड, मग पन्हाळा. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यालाच त्यांनी पकडून पन्हाळ्यावर नेले. तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुकांना कंपनीच्या तोफांपुढे निभाव लागणे कठीण होते. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरच्या पहिल्या दिवशी पन्हाळाही पडला. त्यानंतर गडांची तटबंदी पाडण्यात आली आणि गडकऱ्यांची चाकरी संपली. गडावर बंदूक सांभाळणे हा ज्यांचा पिढीजात उद्योग होता त्यांना त्या बंदुकीचे कामच उरले नाही.

पुढचा घाव तेरा वर्षांनी बसला. 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरातली 27 वी पलटण उठली. काही शिपाई शहराजवळच्या पागेचा आसरा घेऊन लढले. त्या पागेचे दार फोडून आत घुसल्याबद्दल लेफ्टनंट विल्यम केर याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. डिसेंबरात शहरानेच वेशी बंद करून पुन्हा उठाव केला. इंग्रज अधिकारी कर्नल जेकबने तो मोडला, पकडलेल्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि पुढे कोल्हापूरच्या राजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराज यांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले. तिथेच 1869 मध्ये त्यांचा अंत झाला.

या सगळ्यानंतर दक्षिण मराठा मुलखात हत्यारे गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. 1857 च्या कायद्याने हत्यार बाळगणाऱ्याला परवान्याच्या चौकटीत आणले होते. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारे द्यायला नकार दिला आणि नोव्हेंबर 1857 मध्ये ते गाव सैन्याने घेरले. त्यांच्यावरची कन्नड लावणी त्या भागात अजून गातात. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांच्या उठावाचे प्रकरणही याच काळातले; मे 1858 मध्ये पोलिटिकल एजंट मॅन्सन त्यात मारला गेला. बेरडांच्या दृष्टीने बंदूक देणे म्हणजे पीक राखण्याचे, पोट भरण्याचे आणि प्रतिष्ठेचे साधन देऊन टाकणे होते.

सरकारचा बंदुकीकडे पाहण्याचा डोळा किती बारीक झाला होता, हे एका तांत्रिक निर्णयात स्पष्ट दिसते. एन्फिल्डची 1853 ची बंदूक ठासणीचीच, पण तिच्या नळीत आतून तीन पिळदार खाचा होत्या. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि दूरवर अचूक लागते. बंडानंतर देशी पलटणींना 1858 च्या नमुन्याची बंदूक मिळाली. बाहेरून ती अगदी एन्फिल्डसारखीच, आतून मात्र नळी रुंद करून गुळगुळीत केलेली. म्हणजे शिपायाला बंदूक द्यायची, पण नेम द्यायचा नाही. 1878 च्या हत्यार कायद्याने ब्रिटिश हद्दीत सामान्य माणसाला परवाना सक्तीचा केला आणि गोऱ्यांना त्यातून वगळले.

कोल्हापुरात बाकीची हत्यारे तालमींत तगली. पट्टा, लाठी, भाला यांचे मर्दानी खेळ शिकवणारे वस्ताद पिढ्यान्‌पिढ्या राहिले. बंदुकीला तालीम मिळाली नाही, कारण तिचा सराव दारू आणि शिसे घेतल्याशिवाय होत नाही आणि ती दोन्ही परवान्याशिवाय मिळत नाहीत. गावातल्या लोहाराचे काम नवी बंदूक घडवण्यापासून घसरत घसरत डागडुजीवर आले. सैल झालेला घोडा घट्ट करणे, तडकलेल्या दस्त्याला पितळी पट्टी मारणे, झिजलेला कान भरून पुन्हा पाडणे. तोड्याच्या जुन्या बंदुकीला टोपीचा घोडा बसवून देण्याचे कामही देशभर झाले. टोपी म्हणजे आघाताने पेटणाऱ्या मसाल्याची तांब्याची इवलीशी वाटी. त्या मसाल्याच्या वापराला 1807 मध्ये सुरुवात करून दिली ती फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने, पाखरांच्या शिकारीसाठी. पावसाळी मुलखाला मानवणारी ठासणीची बंदूक अखेर मिळाली, तेव्हा ती मोकळेपणाने बाळगण्याचे दिवस सरले होते.

संस्थानिकांच्या शस्त्रागारात विलायती दुनळी बंदुका आल्या. दाजीपूरचे जंगल दरबारी शिकारीचे रान होते. तिथेच 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. कोल्हापुरातल्या न्यू पॅलेसमधल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात तलवारींच्या जोडीने बंदुकाही आहेत. अशा दालनांत लोकांची नजर बहुधा नक्षीवर जाते. जाणकार माणूस आधी कानाजवळचे लोखंड पाहतो. तिथे खड्डे पडलेले असतील तर ती बंदूक खरोखर वापरातली. लोखंड कोरे असेल तर ती मिरवण्यापुरती.

ठासणीची बंदूक संग्रहालयाबाहेरही तगून राहिली. चंदगड, आजरा, राधानगरी, गगनबावडा आणि घाटाखालचा सिंधुदुर्ग इथे ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघर दिसते, दस्ता आजोबांच्या हातचा आणि परवाना नातवाच्या नावावर. रानडुकरे, वानरे आणि गवे पीक उद्ध्वस्त करतात, आणि 2002 पासून चंदगड-आजऱ्याकडे कर्नाटकातून हत्तीही येऊ लागले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हातातल्या बंदुकीचे काम आवाजापुरते आले. गव्याला गोळी घालणे गुन्हा आहे. रात्री माळ्यावरून निघालेला बार बहुतेक वेळा नुसत्या दारूचा असतो. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. तिथे दस्त्याला चिठ्ठी बांधून त्या ओळीने उभ्या केल्या जातात आणि आचारसंहिता उठली की पावती दाखवून परत नेल्या जातात.

बाहेरच्या जगात ठासणीच्या बंदुकीला दुसराच मार्ग सापडला. 1971 मध्ये स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय संघटना ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धा भरवते. त्यातल्या तोडेदार बंदुकीच्या एका प्रकाराचे नावच ‘तानेगाशिमा’. उभ्याने, 50 मीटरवरून, गुळगुळीत नळीच्या तोड्याच्या बंदुकीने नेम मारायचा. गोव्याच्या कारागिरांची ही दूरची नातवंडे तिथे अजून रंजक भडकवतात.

कोल्हापूर त्याच 50 मीटरवर गाजले, पण निराळ्या बंदुकीने. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेत्या ठरल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक घेतले. त्यांची रायफल ‘स्मॉल-बोअर’ म्हणजे .22 ची, नळी आतून साडेपाच-पावणेसहा मिलिमीटरची आणि पिळदार खाचांची. त्यांच्या निशाणावरचे दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. राधानगरीच्या रानातली जुनी तोडेदार बंदूक आणून तिची एक गोळी त्यावर ठेवली, तर सबंध वर्तुळ तिच्याखाली झाकले जाईल.